इम्प्लांटची कॅप तिसऱ्यांदा हलतेय: नुसतं आवळून भागणार नाही

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ५४. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ काढावी लागली आणि तिच्या जागी चार वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवून घेतलं. पहिली दोन-अडीच वर्षं काही त्रास नव्हता. मग एक दिवस चावताना कॅप किंचित हलल्यासारखी वाटली. डॉक्टर म्हणाले, आतला स्क्रू ढिला झालाय. पाच मिनिटांत आवळून दिला, वरचं भोक बुजवलं, मी घरी आले. आठ महिन्यांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा आवळून दिला. आता चार महिनेही झाले नाहीत आणि कॅप परत हलायला लागली आहे. जिभेने ढकललं की बारीक टक् असा आवाज येतो. दुखत अजिबात नाही. सकाळी तोंडाला घाण चव असते आणि त्या दाढेजवळ हिरडीवर एक पुळी येते-जाते. अँटिबायोटिक घेतल्या तेव्हा बसली, गोळ्या संपल्या तशी परत आली.

यजमान म्हणतात, इम्प्लांट फेल गेलंय, काढूनच टाक. बहीण म्हणते, तिची कॅप सिमेंटने चिकटवलेली आहे, एकदाही हलली नाही, तूही तशीच करून घे. मला त्याच डॉक्टरांकडे तिसऱ्यांदा जायचा संकोच वाटतो. दुखत नाही, तर काही दिवस असंच चालवलं तर चालेल का?

ता. क. गेल्या वर्षी डावीकडची वरची एक दाढ काढली, तिथे अजून काही बसवलेलं नाही. आणि हल्ली सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. असंच चालवू नका. दुखत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, पण इथे दुखण्यावर भरवसा ठेवता येत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ अस्तर असतं आणि त्यात नसा असतात. दातावर जरा जास्त भार आला की त्या लगेच कळवतात. इम्प्लांट थेट हाडाला घट्ट धरून असतं, मधे ते अस्तरच नाही. त्यामुळे वरची कॅप ढिली होऊन महिनाभर डुलत असली तरी वेदना होईलच असं नाही. या बाबतीत टक् असा आवाज, घाण चव आणि पुळी हीच खरी लक्षणं, आणि ती तिन्ही तुमच्याकडे आहेत.

चालवत राहिलात तर काय होईल? आतला स्क्रू जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा असतो. घट्ट असतो तेव्हा चावण्याचा भार अख्खा सांधा पेलतो. ढिला झाला की प्रत्येक घासाला तो एकटा वाकतो आणि सरळ होतो. धातू असा वारंवार वाकला की दमतो आणि एके दिवशी मोडतो. ढिला स्क्रू घट्ट करणं किंवा बदलणं हे एका बैठकीचं काम आहे. इम्प्लांटच्या आत खोल मोडून अडकलेला तुकडा बाहेर काढणं मात्र भिंगाखाली करायचं चिवट काम असतं. कधी जमतं, कधी त्या प्रयत्नात आतले आटे खराब होतात, आणि मग धडधाकट इम्प्लांटसुद्धा निकामी ठरतं. म्हणून फोन आजच करा.

आता यजमानांच्या शंकेकडे वळू. मला तोंड दिसत नाही, एक्स-रे दिसत नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं इम्प्लांट फेल गेल्याची वाटत नाहीत. इम्प्लांटच्या दाताचे तीन भाग असतात. हाडात रुतलेलं टायटॅनियमचं इम्प्लांट, त्यावर बसणारा जोडभाग म्हणजे अबटमेंट, आणि वर दिसणारी कॅप. जोडभागाला इम्प्लांटवर आवळून धरतो तो स्क्रू. हाडाने इम्प्लांट सोडलं तर सगळंच मुळापासून हलतं, दाबलं की बहुधा दुखतं, आणि एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ दिसते. स्क्रू ढिला असेल तर हाड जागेवर असतं, वरचाच मजला डुलतो. कॅप किंचित फिरते, चावताना खाली बसते, सोडलं की उचलते, आणि तो टक् येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, एका दाताच्या इम्प्लांटबद्दलच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ५ वर्षांनंतर सुमारे ९७ टक्के इम्प्लांट शाबूत होती. त्याच ५ वर्षांत स्क्रू ढिला होण्याचं प्रमाण मात्र ८.८ टक्के होतं. म्हणजे इम्प्लांट जाण्यापेक्षा स्क्रू ढिला होणं पुष्कळ जास्त घडतं. तेव्हा काढून टाकायची भाषा एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणीच करू नये, यजमानांनीही नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

एकदा स्क्रू ढिला झाला तर मी त्यात कुणाचा दोष शोधत नाही. होतं असं. पण तुमच्याकडे आधी अडीच वर्षं, मग आठ महिने, मग चार महिन्यांच्या आत, असं अंतर घटत चाललंय. याचा अर्थ दर वेळी स्क्रू आवळला गेला आणि त्याला ढिला करणारं कारण तोंडात तसंच राहिलं.

त्यासाठी स्क्रू धरतो कसा, हे थोडं समजून घ्यावं लागेल. स्क्रू आवळला की तो अगदी सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, ताणलेल्या रबरबँडसारखा, आणि मूळ लांबीवर यायच्या ओढीने जोडभागाला इम्प्लांटवर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबावर. चावण्याचा जोर या दाबापेक्षा कमी राहिला तर स्क्रू वर्षानुवर्षं हलत नाही. जोर वारंवार वरचढ ठरला की सांध्यात बारीक फट उघडते-मिटते, आटे कणाकणाने मागे सरकतात आणि स्क्रू उलटा फिरायला लागतो.

गंमत अशी की आवळताना लावलेल्या जोराचा जेमतेम एक दशांश हा ताण निर्माण करण्यात जातो. बाकीचा स्क्रूच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. म्हणून आवळण्याचा जोर मोजून लावावा लागतो. दाढेच्या जोडभागाचा स्क्रू बऱ्याच कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरने आवळायला सांगतात, काही स्क्रूंना यापेक्षा कमी लागतं. नेमका आकडा त्या कंपनीच्या पुस्तिकेत असतो. नुसत्या बोटांनी छोटा ड्रायव्हर फिरवून तिथवर पोहोचता येत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच हवा, म्हणजे ठरावीक जोर आला की दाखवणारा किंवा निसटणारा पान्हा. आणि जास्त आवळलं म्हणजे जास्त टिकेल असंही नाही. मर्यादेपलीकडे ताणलेला स्क्रू कायमचा लांबतो, मग त्याची पकडच जाते.

तुमच्या पत्रातल्या ‘पाच मिनिटांत आवळून दिला’ या शब्दांपाशी मी थांबलो. आवळल्यानंतर आट्यांच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबतात आणि पहिल्या काही मिनिटांतच २ ते १० टक्के ताण कमी होतो. म्हणून सुमारे १० मिनिटं थांबून तेवढ्याच जोराने पुन्हा एकदा आवळायची पद्धत आहे. ती थांबण्याची १० मिनिटं पाच मिनिटांच्या भेटीत कशी मावली असतील, कुणास ठाऊक. कदाचित तुम्ही अंदाजाने लिहिलं असेल. पण विचारा. आणि हेही विचारा की दोन्ही वेळा जुनाच स्क्रू वापरला का. ढिल्या अवस्थेत वापरात राहिलेल्या स्क्रूचे आटे घासलेले असतात, तो पुन्हा तितका ताण धरत नाही. तिसऱ्या वेळी नवा स्क्रू लागणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोही त्याच इम्प्लांट कंपनीचा. दुसऱ्या कंपनीचा ‘चालणारा’ स्क्रू दिसायला सारखा असला तरी आट्यांच्या मापातला सूक्ष्म फरक इथे महागात पडतो.

हे झालं आवळण्याबद्दल. पण माझा खरा संशय तुमच्या ता. क. वर आहे. संबंध नसावा म्हणून तुम्ही ज्या दोन गोष्टी शेवटी जोडल्यात, त्या मी सगळ्यात वर लिहिल्या असत्या.

खालची पहिली दाढ पुढून मागे साधारण ११ मिलिमीटर रुंद असते. तिच्याखालचं इम्प्लांट सहसा ४ ते ५ मिलिमीटर जाडीचं. म्हणजे कॅप चारी बाजूंनी इम्प्लांटच्या बाहेर आलेली असते आणि कडेवर पडणारा प्रत्येक घास तिला तिरकं करू बघतो. खऱ्या दाढेला दोन मुळं असतात, तिचं भागतं. एकट्या इम्प्लांटवरच्या दाढेत हा तिरका भार शेवटी स्क्रूवर येतो. त्यात गेल्या वर्षी डावीकडची दाढ गेली. तेव्हापासून तुम्ही नकळत उजवीकडेच चावत असणार. आठ महिन्यांचे चार महिने का झाले, याचं निम्मं उत्तर मला यातच दिसतं.

दुसरी गोष्ट, सकाळी जड वाटणारा जबडा. तुम्ही झोपेत दात खात असाल, अशी दाट शक्यता आहे. स्वतःला हे सहसा कळत नाही. यजमानांना विचारा, रात्री करकर ऐकू येते का. आवाज येत नसला म्हणूनही सुटका नाही, कारण काही जण आवाज न करता नुसते दात आवळून झोपतात. जेवताना दातांवर दात टेकतात ते क्षणभर. झोपेत दात खाणारा माणूस तेच दात कितीतरी जास्त वेळ आणि आडवे घासतो. स्क्रूला आडवा भार अजिबात सोसत नाही.

इथे चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते, तपासणं फार महत्त्वाचं ठरतं. जोरात चावल्यावर खरा दात अस्तरामुळे साधारण २५ ते १०० मायक्रॉन खाली दबतो. इम्प्लांट दबतं फक्त ३ ते ५ मायक्रॉन. अलगद तोंड मिटून पाहिलं आणि सगळे दात सारखे टेकले म्हणून ठीक म्हटलं, की रात्री जोरात आवळल्यावर बाकीचे दात दबणार आणि इम्प्लांट एकटं उंच राहून मार खाणार. म्हणून इम्प्लांटवरची कॅप किंचित हलकी ठेवतात. तपासायची रीत सोपी आहे, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हालाही कळेल. अतिशय पातळ धातूची पट्टी दातांमध्ये ठेवतात. हलकं चावलं तर ती इम्प्लांटच्या कॅपवरून निसटून यायला हवी, जोरात चावलं तरच अडकायला हवी. मग रंगीत कागद ठेवून तुम्हाला दात आधी टेकवायला आणि नंतर आजूबाजूला सरकवायला सांगतील. खूण कॅपच्या मधोमध, बारीक ठिपक्यासारखी उमटली तर उत्तम. कडेच्या उतारावर लांबट रेघ उमटली तर कारण सापडलं असं समजा, तिथे कॅप घासून चाव दुरुस्त करावा लागेल. कॅपवर आरशासारखा गुळगुळीत झिजलेला डाग असेल तर तोही हेच सांगतो. शिवाय चार वर्षांपूर्वी चाव अगदी नेमका बसवला असेल, तरी तो आज तसाच असेल असं नाही. खरे दात आयुष्यभर थोडे थोडे सरकतात, झिजतात. इम्प्लांट आहे तिथेच राहतं.

पुळीबद्दल. स्क्रू ढिला झाला की जोडभाग आणि इम्प्लांट यांच्यात फट पडते. प्रत्येक घासाला लाळ आणि जंतू त्या फटीतून आत ओढले जातात, बाहेर फेकले जातात. घाण चव येते ती तिथून, आणि हिरडी सुजून पुळीवाटे निचरा होतो तोही त्याचमुळे. फट उघडी ठेवून गोळ्या खाणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आतला भाग स्वच्छ करून सांधा नीट मिटवला की पुष्कळदा पुळी आपोआप जाते. नाही गेली तर मात्र इम्प्लांटभोवतीच्या हाडाची तपासणी करावी लागते. म्हणूनच एक्स-रे आवळण्याआधी हवा आणि आवळल्यानंतरही हवा. नंतरच्या एक्स-रेत जोडभाग इम्प्लांटवर फट न ठेवता टेकलाय की नाही, हे दिसतं. फटीत हिरडी चिमटीत सापडली असेल तर जोडभाग पूर्ण बसत नाही, आणि आवळताना काही मिनिटं दाब जाणवतो. गरज लागली तर तेवढ्यापुरतं बधिर करतात.

बहिणीचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तिच्या कॅपखालीही स्क्रू आहेच. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपमध्ये जोडभाग स्क्रूने बसवतात आणि कॅप त्यावर चिकटवतात, इतकाच फरक. तिथे स्क्रू ढिला झाला तर तो शोधायला धडधाकट कॅपला अंदाजाने भोक पाडावं लागतं, आणि त्यात कॅप कधी तडकते. शिवाय हिरडीखाली उरलेलं सिमेंट हे इम्प्लांटभोवतीच्या सुजेचं एक जुनं कारण आहे. तुमच्या कॅपला वरून भोक आहे आणि ते उघडून स्क्रूपर्यंत जाता येतं, ही तुमची सोय आहे. ती घालवू नका.

आता संकोचाचं. त्याच डॉक्टरांकडे जा. तुमच्या इम्प्लांटची कंपनी, जाडी, स्क्रूचा प्रकार ही सगळी माहिती त्यांच्याकडे आहे. ‘तुम्ही नीट आवळलं नाही’ असं म्हणत गेलात तर बोलणं तिथेच बिनसेल. ‘तिसऱ्यांदा झालंय, या वेळी कारण शोधूया का? मला वेळ लागला तरी चालेल’ असं म्हणा. मोठी वेळ मागून घ्या, दोन रुग्णांच्या मधल्या फटीत हे काम होत नाही. चांगला डॉक्टर या वाक्याने दुखावत नाही. भोक उघडून आत स्क्रूवर ठेवलेली पांढरी टेप ओढून काढल्यावर ती कुबट वासाची निघते का ते बघतील, स्क्रू बाहेर काढून भिंगाखाली आटे तपासतील, इम्प्लांटच्या कोनाड्यात बसणाऱ्या जोडभागाच्या कडा गोल झाल्यात का ते पाहतील. कडा झिजल्या असतील तर नुसता स्क्रू बदलून भागणार नाही, जोडभाग बदलावा लागेल. चाव दुरुस्त करूनही भागणार नसेल तर जरा अरुंद, उतार कमी असलेली नवी कॅपही सुचवतील. तेही अवाजवी म्हणता येणार नाही.

रात्री दातांवर घालायचं कवच, म्हणजे नाइट गार्ड, मात्र मी तुमच्यासाठी ऐच्छिक धरत नाही. दात खाण्याची खात्री पटली की तो करून घ्या, आणि मापाचा, कडक, डॉक्टरांनी चाव तपासून दिलेला घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड मिळतात. त्यांच्यावर काही जण जास्तच जोराने चावतात, म्हणून ते मी सुचवत नाही. त्यासोबत डावीकडच्या रिकाम्या जागेचाही विचार करा. तिथे दाढ येत नाही तोवर उजवी बाजू एकटीच राबणार.

कारण सापडत नाही, किंवा ‘पुन्हा आवळून देतो, बघू’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. जाताना इम्प्लांटचं कार्ड किंवा डब्यावरचं स्टिकर मागून घ्या, त्यावर कंपनीचं नाव, इम्प्लांटची जाडी-लांबी आणि बॅच क्रमांक असतो. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं तोंड वेगळं, त्याला लागणारा ड्रायव्हर वेगळा. ही माहिती नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा पहिला तास इम्प्लांट ओळखण्यातच जातो. जुने एक्स-रेही सोबत ठेवा.

तोवरचे दिवस असे काढा. उजवीकडे काही चावू नका. डावीकडे मागची दाढ नाही, तेव्हा मऊ खा, घास लहान घ्या. जिभेने कॅप ढकलून बघायची सवय लागली असेल तर मोडा, प्रत्येक टक् आटे झिजवतो. घरातल्या कुणाला ती पिळून घट्ट करू देऊ नका आणि बाजारातला गोंद तर मुळीच लावू नका, ते हात दाखवून अवलक्षण होईल. कॅप निघून हातात आली तर धुऊन छोट्या डबीत ठेवा. पुन्हा जागेवर टेकवून जेवू किंवा झोपू नका, ती गिळली जाऊ शकते किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि तशी निघालीच तर एक-दोन दिवसांत पोहोचा, कारण उघड्या इम्प्लांटवर हिरडी भराभर चढते.

ब्रश मात्र रोज करा, मऊ ब्रशने, पुळीच्या बाजूलाही. हलतंय म्हणून ती जागा टाळू नका. फ्लॉस वापरत असाल तर तो वर ओढून काढण्याऐवजी बाजूने सरकवून काढा.